स्टार्टचं बटण कुणी मांडायचं?

भोपाळच्या एम.पी. नगरमध्ये सकाळी अकराच्या सुमारास हिंडलात तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरून कीबोर्डांचा खडखडाट ऐकू येतो. हे टायपिंगचे क्लास. इथली मुलं-मुली सीपीसीटीची तयारी करत असतात. ही मध्य प्रदेश शासनाची संगणक-प्रावीण्याची परीक्षा. सरकारी कार्यालयात डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागायचं तर तिचं प्रमाणपत्र हवं : इंग्रजीत मिनिटाला ३० शब्द, हिंदीत २०. हिंदीसाठी दोन मांडण्या मिळतात, रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट. ज्याने त्याने आपली निवडायची. इनस्क्रिप्ट सरकारची स्वतःची, १९९१ च्या भारतीय मानकात बसलेली, ब्राह्मीतून निघालेल्या साऱ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी देणारी. तरीही क्लासात डोकावलं की बोटं दिसतात ती रेमिंग्टनवर. शिकवणारे सर टाइपरायटरवर शिकलेले, त्यांचे सरही टाइपरायटरवरच शिकलेले, आणि डीटीपीच्या दुकानातला कृतिदेव फॉन्टही त्याच वळणाचा.

परीक्षेच्या पडद्यावर निवड आहे खरी. पण ती क्लासची फी भरली त्याच दिवशी होऊन गेलेली असते.

ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्यासोबत एक ठरलेला डेस्कटॉप द्यावा की नाही, हा वाद संगणकवाल्यांमध्ये तीसेक वर्षं चालू आहे. त्यातली बाजू-प्रतिबाजू वाचताना मला दर वेळी हा खडखडाट आठवतो.

आधी प्रश्न नीट मांडतो. संगणक सुरू केल्यावर दिसणारी खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा, फायलींचे कप्पे, सेटिंग, कोपऱ्यातलं घड्याळ, या सगळ्या संसाराला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला हा संसार आणि ऑपरेटिंग सिस्टीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मुळात ठाऊक नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही. युनिक्सच्या घराण्यात मात्र त्या जन्मापासून वेगळ्या राहिल्या. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो सिस्टीम सुरू झाली, तेव्हा कर्त्यांनी जाणूनबुजून ठरवलं की आपण फक्त पडद्यावर चौकोन काढायची यंत्रणा द्यायची. चौकोनाला बटणं कुठे, तो हलवायचा कसा, हे दुसऱ्या कुणीतरी पाहावं. त्या ‘दुसऱ्या कुणीतरी’ने पुढची नऊ वर्षं इतके वेगवेगळे संसार मांडले की १९९३ मध्ये एचपी, आयबीएम, सन यांसारख्या एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांना एकत्र बसून एक सामायिक डेस्कटॉप ठरवावा लागला.

लिनक्समध्ये हेच पुन्हा घडलं. १९९६ च्या ऑक्टोबरात मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली. प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, घरातल्या साध्या माणसाने हे वापरायचं कसं, ही त्याची तक्रार. केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभं होतं तिचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. एका सामायिक डेस्कटॉपची गरज म्हणून सुरू झालेल्या कामाचे वर्षभरात दोन डेस्कटॉप झाले. पुढे एक्सएफसीई, एलएक्सडीई, माटे, सिनॅमन अशी भावंडं वाढत गेली.

मग डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या तयार प्रती, बनवणाऱ्यांनी काय करायचं? इथे तीन पंथ दिसतात. आर्च लिनक्स काहीच देत नाही. काळा पडदा आणि लुकलुकता कर्सर, पुढचं तुमचं तुम्ही पाहा. युनिक्सच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीचंही वर्षानुवर्षं तेच चाललं. २०२५ मध्ये मात्र त्यांनी इन्स्टॉलरमध्येच केडीईचा पर्याय द्यायची योजना आखली, म्हणजे इतक्या वर्षांनी त्यांनाही घरात एखादी खुर्ची असावी असं वाटलं. दुसरा पंथ उबुंटूचा. ऑक्टोबर २००४ ची पहिली आवृत्ती एका सीडीत मावणारी, एक डेस्कटॉप, एका कामाला एकच प्रोग्रॅम. त्या काळी मागितल्यास सीडी टपालाने फुकट घरी यायची. भारतात लिनक्सची पहिली ओळख अनेकांना त्या पाकिटातूनच झाली. ती ओळख खरं तर ग्नोमची होती, पण पाकिटावर ग्नोमचं नाव शोधण्याच्या भानगडीत कोण पडतो?

तिसरा पंथ मधला, आणि वाद खरा तिथेच. डेबियनचा किस्सा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यात या प्रश्नाचे सगळे धागे येतात. डेबियनकडे सगळेच डेस्कटॉप आहेत, पण काहीच न निवडता पुढे गेलेल्याला काय द्यायचं, हे कुणीतरी ठरवायला हवंच. ते ग्नोम होतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते बदलून एक्सएफसीई करण्याची नोंद पडली. कारण विचाराल तर हसू येईल : ग्नोम पहिल्या सीडीत मावेना. तो बदल मागे घेतला गेला. २०१३ च्या नोव्हेंबरात पुन्हा एक्सएफसीई. आणि २०१४ च्या सप्टेंबरात पुन्हा ग्नोम. या वेळची कारणं सीडीच्या आकाराहून वजनदार होती. न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारी आणि इतर अपंगांना लागणारी साधनं ग्नोममध्ये जास्त पक्की होती, आणि खालच्या सिस्टीमशी त्याचं जुळणंही पुढे गेलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ ग्नोम घेऊन बाहेर पडलं. आजही इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपांची लांबलचक यादी दिसते. पण नुसत्या ‘डेबियन डेस्कटॉप’वर टिक ठेवून पुढे गेलात तर ग्नोमच येतं.

यातली अपंगांच्या साधनांची बाब मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला दिसतं तो दहा डेस्कटॉप लावून पाहू शकतो, न आवडले तर पुसूनही टाकू शकतो. ज्याला दिसत नाही त्याला पहिल्या पडद्यापासूनच बोलणारा संगणक हवा. ‘आवडीप्रमाणे निवडा’ हा सल्ला डोळसांनी डोळसांना दिलेला आहे.

ओपनसुसेने २००९ मध्ये केडीईवर आधीच खूण करून ठेवायचं ठरवलं, त्यासाठी मतं मागवली, भांडणं झाली; नंतर ती खूण काढून पुन्हा वापरणाऱ्यालाच विचारू लागले. फेडोराने कित्येक वर्षं ग्नोमला घरातला थोरला मानलं आणि एप्रिल २०२५ च्या ४२ व्या आवृत्तीत केडीईलाही बरोबरीचा पाट दिला. ओपनबीएसडीची गंमत वेगळीच : सुरक्षिततेसाठी काटेकोर म्हणून नाव असलेली ही सिस्टीम एक्स आणि साधे विंडो मॅनेजर आपल्या मूळ संचातच देते. दिसायला अगदी जुनाट, पण ते आपलं आहे, आपण सांभाळतो, असं तिचे कर्ते ठणकावून सांगतात. डिफॉल्ट याचा माझ्या मते हाच खरा अर्थ. सगळ्यात सुंदर असेल तो नव्हे. बिघडल्यावर ज्याची जबाबदारी नाकारता येत नाही तो.

विरोधकांचं म्हणणं हलक्याने घेण्यासारखं नाही. सर्व्हरला डेस्कटॉपची गरजच नसते. खिडक्या-बटणांचा जितका पसारा, तितक्या चुका आणि तितकी चोरवाटांची भीती. मायक्रोसॉफ्टलाही २००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये डेस्कटॉप वगळून बसवायची सोय द्यावी लागली. शिवाय डिफॉल्ट एकदा बसला की बाकीच्यांचं पाणी तुटतं : तपासणी त्याची, पुस्तकं त्याची, चित्रं त्याची. आणि डिफॉल्ट ठरवणारा उद्या लहरीने बदलला, तर लाखो लोकांची फरफट. २०११ हे असं फरफटीचं वर्ष होतं. ग्नोम ३ आलं, उबुंटूने त्याच वसंतात स्वतःचं युनिटी पुढे केलं, सवयीचा मेनू दोन्हीकडे गेला. चिडलेल्यांनी जुन्या ग्नोमची शाखा काढून माटे चालवलं, लिनक्स मिंटने सिनॅमन रचलं. युनिटी सहा वर्षं चाललं; एप्रिल २०१७ मध्ये ते सोडायचं ठरलं आणि उबुंटू पुन्हा ग्नोमकडे परतलं.

पण निवड नुसती समोर ठेवली म्हणजे लोक ती करतात, हा समजही भाबडा आहे. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला मीडिया प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं. ते दुकानात आलं, आणि जवळपास कुणीच घेतलं नाही. त्याच पैशात एक वस्तू कमी मिळणार असेल तर कोण घेईल? आपल्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर नको म्हटलं तर पैसे कमी होत नाहीत, म्हणून आपण ती घेतोच.

आता आपल्याकडे. भारत सरकारचं उत्तर बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारून ते तयार केलं, पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये, आणि सोबत डेस्कटॉप ठरलेला : ग्नोम. सरकारी कार्यालयातल्या बाबूला यादी दाखवण्यात अर्थ नव्हता. त्याला सही करून मिळालेल्या यंत्रावर काम सुरू करायचं होतं. भारतीय भाषांतले मेनू हा बॉसचा सर्वांत मोठा दावा. सप्टेंबर २०११ पासून तमिळनाडूने विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटले, त्यांत विंडोज आणि बॉस शेजारी शेजारी होते. सुरू करतानाच विचारणा : हे की ते? एम.पी. नगरच्या मुलांसारखंच इथेही उत्तर पडद्याबाहेर ठरत होतं, मित्राकडे काय आहे, दुकानदाराला काय येतं, यावर.

केरळने उलटी वाट धरली. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने आणि पुढे २०१७ पासून काइट या संस्थेने शाळांसाठी एकच घडवलेली लिनक्सची प्रत ठेवली, त्यात एकच ठरलेला डेस्कटॉप, आणि पाठ्यपुस्तकांतली चित्रंही त्याच प्रतीतली. शिक्षकांचं प्रशिक्षण तिच्यावर, परीक्षा तिच्यावर. मुलाला घरी काय लावावं हा प्रश्न पडला तर उत्तर पुस्तकातच छापलेलं. भारतातल्या शाळांत लिनक्स खऱ्या अर्थाने रुजलं ते केरळात, आणि त्यात तत्त्वनिष्ठेइतकाच या एकारलेपणाचा वाटा आहे असं माझं मत आहे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने एवढी माणसं संगणकापुढे बसवली, पण विंडोज आणि ऑफिसवर. मध्य प्रदेशातल्या डीसीए या संगणक पदविकेच्या क्लासांचंही बव्हंशी तेच.

मात्र भारतीय भाषांच्या दृष्टीने या वादाचा गाभा अजून वेगळा आहे, आणि तो युरोप-अमेरिकेतल्या चर्चांत जवळजवळ सापडत नाही. तो म्हणजे भाषांतर.

डेस्कटॉप म्हणजे हजारो छोटी वाक्यं. ‘ही फाइल कायमची काढून टाकायची का?’ ‘पासवर्ड चुकला.’ ‘प्रिंटर सापडला नाही.’ इंग्रजीत ती आयती येतात. मराठीत, हिंदीत ती कुणीतरी बसून लिहावी लागतात, तीही बहुधा विनामोबदला. ग्नोमची वेगळी, केडीईची वेगळी, एक्सएफसीईची आणखी वेगळी. २००० नंतरच्या वर्षांत इंडलिनक्स या गटाने हिंदी डेस्कटॉप उभा केला, त्यातलं एक ठळक नाव आमच्या मध्य प्रदेशातलं : रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे रवि रतलामी. राज्याच्या वीज मंडळातले अभियंते. नोकरी सोडून आधी रतलामला आणि पुढे भोपाळला बसून त्यांनी ग्नोम, केडीई, एक्सएफसीई यांची हिंदी घडवली. एका माणसाने तीन-तीन संसारांची भांडी घासावीत, असा तो प्रकार. एकाच ‘क्लोज’ला एका ठिकाणी एक शब्द, दुसऱ्या ठिकाणी दुसरा, अशी तारांबळ व्हायची ती याचमुळे. हा गोंधळ निस्तरायला २००८ मध्ये रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषामंडळींनी फ्युएल हा उपक्रम काढला. डेस्कटॉपवर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची, भाषेची जाणकार माणसं एकत्र बसवायची आणि एकेका शब्दावर एकमत करायचं. मराठीलाही त्याचा फायदा झाला.

श्रीवास्तवांनी आणखी एक काम केलं. केडीई छत्तीसगढीत आणलं. केडीई ४ च्या काळात छत्तीसगढी बोलणाऱ्याला आपल्या बोलीत मेनू मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. आता गणित पाहा. छत्तीसगढी आली ती केडीईत. सरकारी बॉसवर डिफॉल्ट होतं ग्नोम. म्हणजे रायपूरच्या शाळेत ती छत्तीसगढी पोचणार कशी? तिथल्या मास्तरांनी केडीई वेगळं उतरवून, बसवून, भाषा बदलून घ्यायची? डिफॉल्ट कोणता हे चेन्नईत सी-डॅकमध्ये किंवा लंडनमध्ये उबुंटूवाल्यांकडे ठरलं, आणि त्यासोबत एक भाषा पडद्यावर येणार की फाइलींत पडून राहणार हेही ठरून गेलं. ठरवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसताना. त्यात डेस्कटॉपची पिढी बदलली की वाक्यं बदलतात. २०१४ मध्ये केडीईचा प्लाझ्मा ५ आला, तेव्हा जुन्या भाषांतरांची पुन्हा डागडुजी आली. मोठ्या भाषा ती करतात. ज्या भाषेच्या मागे एक-दोनच माणसं आहेत ती मागे पडते.

म्हणून ‘जितके डेस्कटॉप तितकं स्वातंत्र्य’ हे सूत्र इंग्रजी वापरणाऱ्याला परवडतं. मराठीचे भाषांतरकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते पाच ठिकाणी वाटले तर पाचही ठिकाणी अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी, एवढंच हाती लागतं.

एक स्वतःचा गुन्हा कबूल करतो. भोपाळमधल्या एका छोट्या मराठी वाचनालयाच्या जुन्या संगणकावर मी हौसेने लिनक्स बसवून दिलं होतं, मराठी मेनूसकट. ग्रंथपाल बाई तीन पिढ्या इथे वाढलेल्या घरातल्या, त्यांची मराठी ऐकायला गोड, हिंदीचा हात धरून चालणारी. दोन वर्षं त्यांनी पुस्तकांची नोंद त्यावर नीट केली. एका रविवारी मी त्यांना न विचारता नवी आवृत्ती चढवली. सोमवारी फोन. “अहो दादा, तो खालचा पट्टा कुठे गायब झाला? आणि सगळं इंग्लिशमध्ये काय येऊन राहिलंय?” डेस्कटॉप बदलला होता, त्याचं मराठी अर्धवट होतं. मी फोनवर म्हणालो, “ताई, लॉगिनच्या वेळी दुसरा डेस्कटॉप निवडता येतो.” त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मी वही काढते.” पुढचे तीन आठवडे नोंदी वहीत झाल्या.

यापुढे हा प्रश्न आणखी घट्ट होणार आहे. एक्सच्या काळात डेस्कटॉप बदलणं म्हणजे भिंतीचा रंग बदलण्याइतकं सोपं होतं. खालची यंत्रणा सगळ्यांची एकच. आता त्याची जागा वेलँड घेतंय, आणि तिथे पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा डेस्कटॉपच्याच पोटात असते. स्क्रीन वाचणारं साधन, पडद्यावरचा कीबोर्ड, देवनागरी टायपिंगची पद्धत, यांना प्रत्येक डेस्कटॉपशी वेगळं जुळवून घ्यावं लागतं. २०२५ च्या शरदात आलेल्या उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ मधून ग्नोमचं जुनं एक्स सत्र गेलंच. त्यामुळे इनस्क्रिप्ट असो की रेमिंग्टन, ती कुठल्या डेस्कटॉपवर नीट चालते हे आधी कुणीतरी तपासून ठेवलं नाही, तर टाइप करणाऱ्याला ते परीक्षेच्या दिवशी कळेल.

माझा कौल सरळ आहे. डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुळात गाडलेला नसावा. सर्व्हरवाल्याला, हौशी माणसाला, ६४ जीबी रॅमवाल्याला तो काढून टाकता यावा. पण सामान्य माणसाच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर तो ठरलेला असलाच पाहिजे. आणि ठरवताना चकचकीत कोणता हे शेवटी पाहावं. आधी चार गोष्टी पाहाव्यात : चार जीबीच्या जुन्या यंत्रावर धावतो का, आंधळ्याला बोलून दाखवतो का, त्या राज्याच्या भाषेत पुरा आहे का, आणि दहा वर्षं तोच राहणार का. बॉसने ग्नोम निवडलं यात चूक नव्हती. चूक असली तर ही, की त्या निवडीच्या मागे मराठी, छत्तीसगढी, गोंडी भाषांतरकार पगारावर बसवलेले फारसे कुठे दिसले नाहीत. डिफॉल्ट सरकारचा आणि त्याची भाषा स्वयंसेवकाच्या रात्रींवर, ही वाटणी बरोबर नाही.

आणि तुम्ही कुणाच्या शाळेत, वाचनालयात, मंडळात जुन्या संगणकावर लिनक्स बसवून देणार असाल, तर कोणता डेस्कटॉप कोणत्या तारखेला बसवला, मराठी कीबोर्डची मांडणी कोणती लावली, हे एका कागदावर लिहा आणि मॉनिटरच्या मागे चिकटवा. खाली तुमचा फोन नंबर लिहा. नवी आवृत्ती चढवायच्या आधी ग्रंथपाल बाईंना विचारा.